पोरीच्या ॲडमिशनसाठी तीनदा काढलेला सातबारा

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयाला निघतो, बसल्या जागी मोबाईलवर. २०२४ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मी तो तीनदा काढला आणि तिन्ही वेळा कारण शेतीचं नव्हतं, पोरीच्या ॲडमिशनचं होतं. थोरलीला बारावीनंतर इतिहास घ्यायचा होता, तोही इथं नाही, लांब जाऊन, आणि फिरून फिरून दोन नावं उरली. एक दिल्ली युनिव्हर्सिटी, १९२२ सालची, नव्वदच्या आसपास कॉलेजं, पदवीच्या सत्तर हजारांच्या घरात जागा. दुसरी अशोका, दिल्लीच्या वर सोनीपतजवळ, २०१४ ला सुरू झालेली, खाजगी, कुणा एका मालकाची नाही तर बऱ्याच देणगीदारांनी मिळून काढलेली, आणि आत शिरायला अवघड. गेल्या दिवाळीपासून चार जणांनी फोन करून विचारलं की नक्की कसं केलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी आमची परिस्थिती, कारण तिच्याशिवाय बाकीचं कळणार नाही. सातारा जिल्ह्यातलं गाव. मी अनुदानित हायस्कूलमध्ये क्लार्क, बायको घरी ब्लाऊज शिवते, धाकटा तेव्हा आठवीत. वर्षाचं सगळं मिळून सहा लाखाच्या आत-बाहेर. जमीन आहे, पण ती कशी आहे ते पुढं येईलच, सगळा घोळ तिथंच आहे. मी स्वतः साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचा, कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९४७ ला काढलेलं, कमवा आणि शिका मधून शिकलो, सकाळी बागेत काम आणि मग लेक्चर. त्यामुळं शिक्षणाला पैसे पडतात हेच मला मुळात पटत नाही. वर्षाला राहण्या-खाण्यासकट दहा लाखाच्या वर फी असलेली बीए असू शकते हे ऐकून मी पहिल्यांदा हसलोच, म्हणलं बाळा, एवढ्यात रानात बोअर मारून, घर बांधून, वर गाडी येईल.

ती म्हणाली, पप्पा, तेवढी सगळ्यांना भरायची नसते, परिस्थिती बघून माफी असते, शंभर टक्क्यांपर्यंत सुद्धा. फॉर्म तर भरू.

इतिहास कुठून आला ते सांगतो. आमच्या आजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती, आत मोडीतले कागद, कुणाला वाचता येत नव्हते म्हणून कुणी टाकलेही नाहीत. दहावीच्या सुट्टीत ही साताऱ्यात मोडीच्या वर्गाला गेली, उगाच, मैत्रीण चालली होती म्हणून. दोन महिन्यात ट्रंकेतलं वाचायला लागली. पुढं २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं जे सुरू झालं त्यात मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, गावातली मोठमोठी माणसं प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घेऊन आमच्या ओट्यावर यायची आणि अकरावी-बारावीतली पोरगी त्यांना पणजोबाचं नाव वाचून दाखवायची. तिथं तिच्या डोक्यात बसलं की आपल्याला हेच करायचंय. नातेवाईक म्हणायचे इतिहास घेऊन काय, एमपीएससी का? ती हो म्हणायची, विषय संपवायला.

तर दोन्हीकडं अर्ज केले, आणि दोन्ही अर्जांचा स्वभावच वेगळा.

दिल्ली युनिव्हर्सिटीला तुम्ही कोण याच्याशी देणंघेणं नाही. सीयूईटी, म्हणजे केंद्राची सामाईक प्रवेश परीक्षा द्या, २०२२ पासून तसंच आहे, तो स्कोर घेऊन त्यांच्या पोर्टलवर या, बस. इतिहास ऑनर्सला एक भाषा आणि तीन विषय, आणि भाषेत मराठी चालते हे आम्हाला कळल्यावर घरात पार्टीच झाली म्हणायची. २०२४ ला एका विषयाचे दोनशे मार्क होते, चार विषयांचे आठशे. हिनं मराठीचाच पेपर दिला. दिल्लीत शिकायला जायला मराठीचे मार्क कामाला येतात हे माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना, तीनदा विचारलं.

अशोकाचा अर्ज म्हणजे उलट. निबंध लिहा, काय वाचता सांगा, शाळेबाहेर काय केलं, त्यांची ॲप्टिट्यूड टेस्ट, तिथल्या तिथं बसून लिहायचा निबंध, वर मुलाखत. हिनं ट्रंकेवर लिहिलं. इंग्रजी सेमी-इंग्लिश पद्धतीचं, मी म्हणलं कुणाकडून तपासून घे, तर नको म्हणाली, माझं इंग्रजी आहे तसंच कळू दे त्यांना. मुलाखत ऑनलाइन होती, आम्ही दोघं स्वयंपाकघरात श्वास रोखून, कुकर लावायचा नाही असं ठरलेलं. बाहेर तिचा आवाज ऐकू येत होता, आधी अडखळत, आणि मग दहा मिनिटांनी ती सुटलीच, मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ आधी आखून घेतात आणि मग अक्षरं खाली लोंबतात, असलं काहीतरी इंग्रजीतून सांगत होती, आणि समोरचा माणूस मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता. मला शाळेत चोवीस वर्षं झाली, कुठल्या मुलाला कुणी असं अर्धा तास ऐकून घेतल्याचं मी बघितलेलं नाही. मी त्या दिवशीच फितलो. म्हणजे अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकलेला माणूस मी, आणि मनातून मला खाजगीच पाहिजे झालं. आणि गंमत म्हणजे पोरगी तेव्हापासून थोडी थोडी उलट बाजूला सरकायला लागली.

आता सातबारा नंबर एक. फी माफीचा वेगळा फॉर्म. उत्पन्न, फॉर्म सोळा, बँकेची स्टेटमेंटं, कर्ज, घरखर्च, मालमत्ता. मालमत्तेत शेतजमीन आली. सातबारा काढला, त्यावर क्षेत्र दोन हेक्टर ऐंशी आर, आणि खाली चार नावं, मी आणि माझे तीन चुलत भाऊ. वडिलांच्या पिढीपासून वाटप झालेलं नाही, तोंडी कसतो, बांध घातलेत, पण कागदावर सामाईक. हे महाराष्ट्रातल्या कुणालाही अर्ध्या वाक्यात कळतं. पण मला तिकडून फोन आला, बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती, तिचा काही दोष नाही, ती म्हणाली सर आपके पास सात एकड जमीन है? मी म्हणलं नहीं नहीं, सामाईक है. ती म्हणाली जी? मी म्हणलं कॉमन, चार भाइयों में, मेरा चौथा हिस्सा, पावणेदोन एकड. ती म्हणाली तो आपके हिस्से का अलग पेपर होगा? मी म्हणलं वही तो नहीं है ना मॅडम. मग तिनं विचारलं की त्यातनं उत्पन्न किती. आता आल्याचं पीक, २०२३ ला आल्याला जो भाव लागला तसा माझ्या आयुष्यात लागला नव्हता, आणि त्याच्या आधीच्या वर्षी खर्चही निघाला नव्हता. नेमकं कुठलं वर्ष सांगायचं? मी दोन्ही सांगितली. तिनं दोन्ही लिहून घेतली, आणि मग म्हणाली, सर आप एक लेटर लिख दीजिए, जैसे मुझे समझाया वैसे ही.

ते लेटर लिहायला मला दोन रात्री गेल्या. मराठीत लिहिलं, पोरीनं इंग्रजी केलं. त्यात सगळंच लिहावं लागलं, बायकोच्या शिलाईचे महिन्याचे किती, आईच्या औषधाचे किती, धाकट्याची ट्यूशन, सोसायटीचं कर्ज. लिहून झाल्यावर बायको म्हणाली, आपण पाहुण्यांना सांगत नाही एवढं यांना सांगितलं. मला त्या दिवशी जरा लागलं. आमच्या वेळी हॉस्टेलला घालताना वडिलांना कुणी हिशोब मागितला नव्हता, पोरगा गरीब आहे हे बघून कळत होतं. पण नंतर विचार केला की, ठीक आहे, लाखातली माफी मागायची तर त्यांनी तपासायला नको का.

मार्चअखेर निकाल आला, निवड झाली. आणि फीमध्ये चांगली घसघशीत सूट. पण सूट ट्यूशनवरची, उरलेली ट्यूशन अधिक राहणं-जेवण मिळून आमच्या वाट्याला वर्षाला साडेचार लाखाच्या वर येत होते. तीन वर्षाचे चौदा. फेरविचाराचा अर्ज केला, त्यांनी थोडी वाढवली सुद्धा. तरी चारच्या खाली येईना.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं दिल्लीला जाऊन बघून यायचं ठरवलं. गोवा एक्सप्रेस, मध्यरात्रीनंतर साताऱ्यात चढायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन. उतरलो ते पाहुण्यांकडं. आमच्याकडचे, म्हणजे सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातले, गलाईवाले भारतात कुठं नाहीत? सोनं-चांदी गाळायचा धंदा, पिढ्यानपिढ्या. बायकोच्या मावसभावाची भट्टी चांदणी चौकातल्या कुचा महाजनीत, वर दोन खोल्यात घर, जिन्यात ॲसिडचा वास, आणि आत गेल्यावर पिठलं-भाकरी. भावजींची दोन्ही पोरं हिंदीच बोलतात, पण आईला हाक मारताना "आये" म्हणतात.

चांदणी चौकातनं मेट्रोनं विश्वविद्यालय स्टेशन चौथं. पहिला दिवस तिकडं. कॉलेजच्या आत सोडतच नाहीत, ओळखपत्र लागतं, त्यामुळं आम्ही बाहेरूनच हिंदू, स्टीफन्स, मिरांडा हाउस, रामजस असं गेटागेटानं फिरलो, वारीला गेल्यासारखं, फक्त कळस बघून परत. ऊन असं की डोक्यावर टॉवेल टाकून. सगळीकडं पोरंच पोरं, भिंतीवर पोस्टर, कुणी कुणाकडं बघत नाही. मला गर्दी बघून धडकी भरली, म्हणलं हिथं आपली पोर कुणाला दिसणार. पण तिला ते आवडलं. मग पटेल चेस्टला गेलो, तिथं झेरॉक्सची दुकानं ओळीनं. मी क्लार्क, झेरॉक्स हा माझा विषय, मी उभा राहिलो बघत. पुस्तकातले धडे एकत्र करून स्पायरल मारून देतात, अख्ख्या सेमिस्टरचं वाचन शे-दीडशे रुपयात. पोरीनं सांगितलं की यावरून मोठी केस झाली होती, ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी युनिव्हर्सिटीतल्याच एका झेरॉक्सवाल्यावर आणि युनिव्हर्सिटीवर दावा लावलेला आणि २०१६ ला हायकोर्टानं निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं दिला. एका झेरॉक्सवाल्यासाठी! मला ते फार आवडलं. मी तिथं काहीही गरज नसताना आधारकार्डाच्या दोन प्रती काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सोनीपत. मेट्रोनं जहांगीरपुरीपर्यंत, तिथनं पुढं हायवे, दोन्हीकडं ट्रक आणि ढाबे, आणि मग एकदम स्वच्छ भिंत आणि गेट. आत एका विद्यार्थिनीनं आम्हाला फिरवलं, दोन तास, पाणी विचारलं, मला सर म्हणाली. लायब्ररी रात्री उशिरापर्यंत, शिक्षक नावानं ओळखतात, सुरुवातीला सगळ्यांना सगळ्या विषयांची तोंडओळख, मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय घ्यायचं ते नंतर ठरवलं तरी चालतं. हे मला पटलंच, सतरा वर्षाच्या पोराला कुठं माहीत असतं. दिल्ली युनिव्हर्सिटीत तसं नाही, इतिहास म्हणजे दारातनंच इतिहास. मेसमध्ये जेवलो, डाळ बरी होती. मी त्या मुलीला विचारलं की तुझ्या वर्गात सूट घेऊन शिकणारी किती, तर म्हणाली खूप आहेत अंकल, पण कोण कोण ते आम्हाला कळत नाही, ते सांगत नाहीत. उत्तर चांगलंच आहे. पण परत येताना पोरगी बराच वेळ गप्प होती आणि मेट्रोत बसल्यावर म्हणाली, पप्पा, तिथं फिरताना मला सारखं वाटत होतं की मी निवडून आलेय. मी म्हणलं मग चांगलंच की. ती म्हणाली, चांगलंच आहे, पण दमायला होईल.

हे तेव्हा मला कळलं नाही. अजूनही निम्मंच कळलंय.

गावी आल्यावर सातबारा नंबर दोन. दिल्ली युनिव्हर्सिटीसाठी ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, तो केंद्राच्या नमुन्यात पाहिजे आणि ३१ मार्च २०२४ नंतर काढलेला. हे दोन मुद्दे नीट वाचा, आमच्या ओळखीच्या दोघांची पोरं इथंच अडकली, एकाकडं राज्याच्या नमुन्यातला होता, एकाकडं फेब्रुवारीतला. अट अशी की उत्पन्न आठ लाखाच्या आत आणि शेती पाच एकरापेक्षा कमी. आणि माझ्या सातबाऱ्यावर दिसतात सात एकर. परत तेच, हिस्सा वेगळा दाखवा. त्यात लोकसभेची निवडणूक, साताऱ्याचं मतदान ७ मे ला, ऑफिसात जावं तर अर्धी माणसं इलेक्शन ड्युटीवर, टेबलावर मतदान यंत्रांच्या याद्या. चार हेलपाटे झाले. पाचव्या वेळी तलाठ्यानं चौथ्या हिश्श्याचा पंचनामा लिहून दिला, माझं स्वयंघोषणापत्र, दोन साक्षीदार, आणि पुढं आठ दिवसात दाखला हातात. पण एक सांगतो, इथं मला कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही की सामाईक म्हणजे काय. हेलपाटे मारावे लागले, लेटर लिहावं लागलं नाही. आईच्या गोळ्यांचा हिशोब कुणी विचारला नाही. दोन्हीतलं कुठलं जास्त त्रासाचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सातबारा नंबर तीन बँकेत. अशोकाची जागा पक्की करायची मुदत मे महिन्यातली, आणि मी ठरवलेलं की कर्ज काढायचं पण घालायचं. हो, मीच. घरात मी एका बाजूला आणि बायको, पोरगी दुसऱ्या. बँकेचं नाव घेत नाही. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखाच्या वर तारण लागतं, हे सगळीकडं साधारण तसंच आहे, त्याच्या खाली जामीनदारावर भागतं. मला पाहिजे होते बारा. तारण काय, तर घर गावठाणात आणि अजून वडिलांच्या नावावर, राहिली जमीन. मॅनेजरनं सातबारा बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाला, चौघांच्या सह्या आणा. (पीएम विद्यालक्ष्मी नावाची नवी कर्ज योजना मंजूर झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, आमचं सगळं उरकल्यावर. आपलं नशीब म्हणजे मागनं येणारी एसटी.)

तीन चुलत भावांपैकी दोघांनी लगेच होकार दिला. तिसरा, वयानं माझ्यापेक्षा मोठा, आम्ही त्याला आबा म्हणतो, त्यानं चहा पाजला, पोरीचं कौतुक केलं, आणि म्हणाला, सही द्यायला काय नाही रे, पण उद्या पोरगी लगीन करून गेली, हप्ते थकले, तर बँक काय तुझाच कोपरा तोडून नेणार हाय का? त्याचं चुकीचं नव्हतं हो. हाच तर वैताग होता. मी त्याच्या जागी असतो तर मीही विचार केला असता. पण मला बोलता येईना, मी चहा संपवून आलो. एक आठवडा मी बायकोला मध्ये घालून, भावकीतल्या एका म्हाताऱ्याला मध्ये घालून प्रयत्न केले. शेवटी पोरीच्या कानावर गेलं.

ती रात्री ओट्यावर आली आणि म्हणाली, मेल पाठवू का त्यांना, नको म्हणून? मी म्हणलं अगं तुझी सीयूईटी अजून व्हायचीय, तिकडं काय मिळेल, मिळेल का, काही ठिकाण नाही, हातातलं सोडतेस? म्हणाली, आबाकाकाच्या सहीवर मला इतिहास शिकायचा नाही. तीन वर्षं प्रत्येक दिवाळीला त्याच्या पाया पडताना मला तेच आठवणार.

मी रागावलो. सरळ सांगतो, मी चिडलो, म्हणलं एवढा मान ठेवायचा होता तर फॉर्म कशाला भरला. दोन दिवस बोललो नाही. मुदत संपली. तिनं मेल पाठवला, चांगला लांब, आभार मानून. तिकडून उत्तरही चांगलं आलं.

मग वाट बघणं. सीयूईटी १५ मे पासून झाली. बारावीचा निकाल २१ मे ला लागला, मार्क चांगले, पण त्या मार्कांचा आता पास होण्यापलीकडं उपयोग नाही हे पेढे वाटताना लोकांना सांगत बसलो नाही. सीयूईटीचा निकाल ३० जूनला येणार होता. जून गेला. त्या वर्षी मेडिकलच्या नीट परीक्षेचं प्रकरण गाजत होतं, रोज टीव्हीवर तेच, बायको टीव्ही बंद करायची. सीयूईटीची काही मुलांची फेरपरीक्षा १९ जुलैला झाली. निकाल आला २८ जुलैला. दरम्यान साताऱ्यात एफवायला ॲडमिशन घेऊन ठेवलं होतं, कॉलेज सुरू झालेलं, ही एसटीनं जाऊन येऊन करत होती, आणि मी रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडं बघून मनात म्हणायचो, सोनीपतची लायब्ररी घालवली आपण. तिला म्हणायची हिंमत झाली नाही.

आठशेपैकी सहाशे ऐंशीच्या वर आले. मराठीत सगळ्यात जास्त. पुढं पोर्टलवर पसंतीक्रम, तिनं चाळीसच्या वर कॉलेजं लावली, मी म्हणलं एवढी कशाला तर म्हणाली जेवढी लावता येतील तेवढी लावायची, यात लाजायचं नाही. हे खरंच सगळ्यांनी ऐका, दहा-बारा नामांकित कॉलेजं लावून थांबणारी पोरं पहिल्या यादीत रिकामी राहतात. आधी अंदाजाची रँक दाखवतात, त्यावरून क्रम खालीवर करायला दोन दिवस मिळतात. पहिली यादी १६ ऑगस्टला. इंद्रप्रस्थ कॉलेज, इतिहास ऑनर्स, ईडब्ल्यूएस. मग अपग्रेड ठेवायचं का फ्रीझ करायचं, म्हणजे वरच्या पसंतीची वाट बघायची का हेच पक्कं. बायको म्हणाली बास झाली वाट बघून. फ्रीझ केलं.

मी कॉलेजची माहिती वाचत बसलो. दिल्लीतलं मुलींचं पहिलं कॉलेज, सुरू झालं १९२४ ला, आणि सुरुवात झाली ती चांदणी चौकाच्याच बाजूला, जामा मशिदीजवळच्या एका शाळेत. १९२४ म्हणजे अण्णांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं तेच साल. मी हे घरात सांगितलं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

फी म्हणाल तर वर्षाची हजारात, आमच्या आल्याच्या पोत्यांच्या हिशोबात बसणारी. पण फीवर जाऊ नका. खरा खर्च राहण्याचा. कॉलेजला हॉस्टेल आहे पण जागा मोजक्या, पहिल्या वर्षी मिळालं नाही. दोन महिने पाहुण्यांकडं, मेट्रोनं दोनच स्टेशनं, पण भट्टीच्या वर दोन खोल्यात सहा माणसं, तिला अभ्यासाला जिना. भावजी काही बोलले नाहीत, वहिनींनी तर स्वतःची पोर म्हणून ठेवली, पण किती दिवस. मग कमलानगरला पीजी, तिघी एका खोलीत, जेवणासकट महिना साडेबारा हजार. जाणं-येणं, पुस्तकं, मोबाईल धरून वर्षाला पावणेदोन लाखापर्यंत जातंय. सरकारी म्हणजे फुकट असं मी जे धरून चाललो होतो ते खोटं निघालं. तरी कर्ज नाही, आणि त्या दाखल्यानंतर सातबारा कुणी मागितला नाही.

शिकवणं कसं, हे सगळे विचारतात. मिश्र आहे. काही मॅडमचं नाव काढलं की तिचा आवाज बदलतो, काही तास होतच नाहीत. पहिलं सेमिस्टर संपलं तरी दोन विषयांच्या शिक्षकांना तिचं नाव माहीत नव्हतं. मोडीचं तिनं एका मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या छान, पुढच्या वर्षी बघू. अशोकाच्या मुलाखतीच्या वेळी ओळख झालेली नागपूरची एक मुलगी तिकडं गेली, दोघी बोलतात, तिचे पेपर शिक्षक ओळ न् ओळ वाचून परत देतात म्हणे. हे ऐकलं की माझ्या पोटात अजून ढवळतं. पोरीला विचारलं तर म्हणते, असेल, पण मी रविवारी राष्ट्रीय अभिलेखागार बाहेरून बघून आले, जनपथला आहे, आत जायचं कार्ड कसं काढायचं ते विचारायला सोमवारी परत जाणारे. कुणी पाठवलं म्हणलं, तर म्हणे कुणी नाही.

डिसेंबरात सुट्टीला आली तेव्हा ट्रंकेतला अजून एक कागद लावला तिनं, आमच्या पणजोबाचा आणि त्यांच्या भावाचा, बांधावरच्या आंब्याच्या झाडावरून झालेला करार. झाड कुणाचं, आंबे कुणाचे, सावली कुणाच्या रानात पडते, सगळं लिहिलेलं. आबाला वाचून दाखवला तर तो पोट धरून हसला.

आणि परवा त्याच आबाचा फोन. त्याचा नातू यंदा बारावीला, पोराला बाहेर कुठंतरी मोठ्या खाजगी युनिव्हर्सिटीत घालायचंय, विषय कुठला ते मला नीट कळलं नाही, कम्प्युटर आणि अजून काहीतरी. म्हणाला, तुझी ती सगळी फाईल हाय का रं, फीच्या माफीचा अर्ज कसा लिव्हायचा ती? आणि बँकेत काय काय लागतं? मी म्हणलं फाईल माळ्यावर आहे, काढून ठेवतो, ये चहाला. बँकेत चौघांच्या सह्या लागतात हे त्याला माहीत आहे. त्यानं तो विषय काढला नाही, मी पण काढला नाही.